दोन वर्षांची अट

भाचा: ...म्हणून म्हणतो मामी, आधी देणी भागवू, मग कंपनी रीतसर मिटवू. उरलेला पैसा भांडवल परत मिळालं असं धरतात, त्यावर कर कमी. तोच पैसा लाभांश म्हणून काढत राहिलीस, तर कर फार जातो.

मामी: आणि मिळणार मलाच?

भाचा: तुलाच. मामाचे शेअर्स तुझ्याच नावावर आलेत ना आता.

मामी: हे म्हणायचे, चार खुर्च्यांच्या कारखान्याला कंपनीची झूल कशाला? तूच मागे लागलास.

भाचा: लागलो. मुलांसाठी कृत्रिम पाय बनवायचे म्हणजे जोखमीचं काम. उद्या काही झालं असतं, तर घरावर आलं असतं.

मामी: खरं आहे. बरं, मग मिटव.

भाचा: इथल्या करकायद्याची एक अट आहे. सांगायला जड जातंय.

मामी: सांग.

भाचा: पैसे हातात आल्यापासून दोन वर्षं तू हे काम करायचं नाही. दुसऱ्या नावाने नाही, भागीदारीत नाही. केलंस तर कर चुकवायलाच कंपनी मिटवली असं धरतात, आणि सवलत जाते.

मामी: परत सांग.

भाचा: दोन वर्षं हे काम बंद. मला वाटलंच होतं, तुला लागेल. दुसरी वाटही आहे. कंपनी चालू ठेवू, तू दरवर्षी थोडं थोडं काढ. कर जास्त बसेल, पण तुझं काम सुटणार नाही.

मामी: नको. मिटव.

भाचा: मामी, तीस वर्षं केलंस हे.

मामी: हे गेले त्याच आठवड्यात एक बाई मुलीला घेऊन दारात उभी. मुलगी वाढली होती, पाय आखूड पडत होता. तिला परत कशी पाठवू? साचा घेतला, प्लास्टर कालवलं. रडत रडत कालवलं तरी ते घट्टच बसतं. मग दुसरी आली, तिसरी आली. सगळे म्हणाले, बाई खंबीर आहे. खंबीर कसली रे? मला धड रडायलाही कुणी सवड दिली नाही.

भाचा: मला कधी बोलली नाहीस.

मामी: तूही म्हणायचास, कामात मन रमतं. आता अंगठ्यात बळ राहिलं नाही. पायाची कड गुळगुळीत झाली का, ते मी गालावर घासून बघते. परवा गालावर ओरखडा उठला. तो पाय घालणाऱ्या पोरीच्या मांडीवर उठला असता.

भाचा: मग मुलांचं काय?

मामी: पुलापलीकडे आपल्याच हाताखाली तयार झालेला कारागीर आहे. त्याच्याकडे जाऊन आले. सगळे साचे तुझे, म्हटलं.

भाचा: साचे कंपनीचे आहेत. किंमत लावून द्यावे लागतील.

मामी: लाव. वाढून गेलेल्या पायांची काय किंमत लावतोस बघू. तो म्हणाला, मामी, आठवड्यातून दोनदा येऊन बसा, पगार देतो. माझ्या तोंडून ‘बरं’ निघतच होतं. म्हटलं, भाच्याला विचारून सांगते.

भाचा: पगार घेतलास तर तेही त्याच कामात मोजतील.

मामी: मग हे मला कागदावर लिहून दे. तुझ्या सहीशिक्क्याचं. कायद्याने मनाई आहे म्हणून.

भाचा: मनाई नाही गं. केलंस तर कर जास्त भरावा लागेल, एवढंच.

मामी: ते तुला माहीत, मला माहीत. दारात आलेल्या आईला कशाला? मी थकले म्हटलं की ती म्हणते, एवढा एकच पाय करा. कायदा म्हटलं की निमूट परत जाईल.

भाचा: देतो लिहून.

मामी: आणि कारागिराचा पत्ताही घाल त्यात. मोठ्या अक्षरात.

भाचा: घालतो. पण दोन वर्षांनी काय करशील?

मामी: तोवर पोरांची माझ्याकडे यायची सवय सुटेल. माझी सुटेल का, ते नाही सांगता येत.