नाकतोड्याचा चावा

"मॅडमना शेवटपर्यंत कळायचं नाही, लिहून घे. त्या बघतात कुठे?"

आता तुम्हीच सांगा, हे वाक्य आपल्याविषयी आहे हे कळल्यावर माणसानं काय करायचं? मी नकाशांच्या कपाटाच्या अलीकडे वाकून खालच्या खणातून ट्रेसिंग पेपरची गुंडाळी ओढत होते, पलीकडे माझेच दोन विद्यार्थी, कंपास आणि चष्मेवाली… खरी नावं हजेरीत आहेत, मी मनात हीच वापरते… आणि ते वाक्य कंपासचं. बघा, मॅडम कंटाळवाणं शिकवतात म्हणाला असता, मॅडमचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही म्हणाला असता, तर मान्य केलं असतं, नाहीच पोचत. पण मी शिकवते काय? बघायला. लँडस्केप डिझाइनच्या पोरांना झाडं बघायला शिकवायचं, याचाच मला पगार मिळतो. पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांबद्दल 'ते पाण्यात उतरतात कुठे' म्हणावं, त्यातली गत. मी गुंडाळी काखेत मारली, कपाटाला वळसा घातला आणि दोघांच्या समोरून गेले. दोघंही एका सुरात, "गुड मॉर्निंग, मॅडम."

मी काही बोलले नाही.

तशी मी फार बोलतच नाही. लग्न होऊन थोडेच महिने झालेत, सासूबाई फोनवर त्यांच्या बहिणीला सांगतात, "स्वभावानं अगदी गरीब आहे हो." गरीब कसली, मी बघत असते. कोण कुणाला काय म्हणालं, कुणी कुणाची वाटी आपल्याकडे ओढली, सगळं. म्हणून तर ते वाक्य इतकं झोंबलं.

तर हा कंपास. याचं नाव कंपास का पडलं, ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सत्राच्या पहिल्या दिवशी मी म्हटलं, कॉलेजमागच्या मोकळ्या जागेत बाग आखा. आखली. सगळ्यांच्या कागदावर हिरवे गोल. मोठे गोल, लहान गोल, ओळीनं गोल, आणि याचे गोल सगळ्यात देखणे, बांगडीसारखे. मी विचारलं, "हे काय?" "झाड, मॅडम." "कुठलं?" "हिरवं." "उंच जाणार की पसरणार?" "ते… पाच मीटरचं आहे, मॅडम." "खाली बाक ठेवलायस, बसणाऱ्याच्या डोक्यावर फळं पडतील का?" तर माझ्याकडे असा बघतो, जसं काही मी त्या गोलाचं लग्न जमवायला आलेय आणि घराण्याची चौकशी करतेय.

मग मी माझी पद्धत काढली. प्रत्येकाला एक कुंडी दिली. आठवड्याला एकदा तिच्यातल्या झाडाचं चित्र काढायचं, त्याला जगवायचं, आणि सत्र संपताना त्याच्याविषयी एक अशी गोष्ट सांगायची, जी कुठल्याही पुस्तकात नाही. बस. कंपासनं पहिल्या आठवड्यात काय आणलं असेल? वरून काढलेलं चित्र. गोल.

आणि नमुना म्हणून खिडकीत ठेवलं माझं स्वतःचं झाड. रबराचं. माहेरच्या खिडकीत मीच वाढवलेलं, सासरी न्यायचं होतं, पण तिथे गॅलरीत आधीच सायकल, शिडी आणि सासऱ्यांची आरामखुर्ची, म्हणून ते मधल्यामध्ये वर्गात उतरलं. मी पोरांना मोठ्या ऐटीत सांगितलं, "हे डावीकडे झुकलंय, कारण आमच्या घरी उजेड डावीकडून यायचा. खालून तिसऱ्या पानाला हा नाकतोड्याचा अर्धगोल चावा, माझे वडील वर्तमानपत्र घेऊन त्याच्यामागे धावले होते, थांब रे, पोरीचं झाड आहे ते, म्हणत. ओळख असावी तर अशी. हजार झाडांत उभं केलं तरी मी याला ओळखेन." हे शेवटचं वाक्य काही म्हणायची गरज नव्हती… पण माणूस शिकवायला लागलं की थांबतं कुठे?

त्यानंतर मी लग्नाच्या रजेवर गेले. लग्नात कुणीतरी एक आजोबा उठून बोललेच, "मुलगी म्हणजे रोप, इथून काढायचं आणि तिथे लावायचं." सगळे रडले. मी विचार करत होते, मुळांभोवतीची माती ठेवणार की झाडून टाकणार? ते कुणी विचारलंच नाही.

परत आले तर वर्ग बदललेला. फळा पुसलेला. खुर्ची पुसलेली. कंपास चहा घेऊन दारात. "मॅडम, तुमच्यासाठी." तुम्हाला सांगते, विद्यार्थी न मागता चहा आणून द्यायला लागला की समजावं, कुठेतरी काहीतरी मेलंय. पण मला वाटलं, नवीन लग्न झालंय, मान देतायत. खिडकीतल्या माझ्या झाडाला चिठ्ठी चिकटवलेली, 'कृपया हात लावू नये.' मला गहिवरून आलं हो. लांबूनच चावा बघितला, झुकलेलं खोड बघितलं, म्हटलं, आहे. मी त्या खिडकीकडे निघाले की चष्मेवालीला हमखास शंका यायची, "मॅडम, पानगळ म्हणजे नक्की काय?" मी वळून समजावून सांगायची. पानगळ मी या सत्रात किती वेळा शिकवली असेल, विचारू नका. आणि वर मनात म्हणायची, पोरीला गोडी लागली.

आणि आता हे. 'त्या बघतात कुठे?'

बरं, तेही कुठल्या दिवशी? त्याच सकाळी आमच्या विभागप्रमुखांनी मला बोलावून घेतलं होतं. गृहस्थ सभ्य. बोलताना पेनचं टोपण काढतात, लावतात, काढतात. म्हणाले, "हा कुंड्यांचा विषय वेगळा कशाला हवा? संगणकात सगळी झाडं आहेत. नाव टाकलं की पान येतं, फूल येतं, सावलीसुद्धा पडते. पुढच्या आठवड्यात वर्गात येतो, पोरांना काय येतं ते बघतो आणि ठरवतो." विषय गेला की विषयाबरोबर मी गेले, हे त्यांनी म्हटलं नाही. टोपण लावलं.



पण कंपासचं ते वाक्य ऐकल्यापासून जो संशय डोक्यात शिरला तो काही निघेना. कळायचं नाही म्हणजे काय कळायचं नाही? यांनी झाडं मारली असणार आणि नर्सरीतून तशीच दुसरी आणून ठेवली असणार. चित्रं एकानं काढून बाकीच्यांनी गिरवली असणार. त्या कोपऱ्यातल्या मुलीचं नेचं इतकं टवटवीत आहे, ते प्लॅस्टिकचं तर नसेल? गेले, हळूच चिमटा काढला. खरं होतं. ती मुलगी बघत होती. म्हणाली, "मॅडम, चिमटे काढायचं कुठल्या धड्यात आहे?"

घरीही तेच. आमच्याकडे आधीच सगळे माझी फार काळजी घेतात. सासूबाई विचारतात, जेवलीस का. मागून सासरे, जेवलीस का. नणंदेचा फोन, वहिनी जेवली का. नवरा घरी आल्यावर पहिला प्रश्न तोच, आणि प्रत्येकाच्या प्रश्नामागून ताटात काहीतरी पडतं. त्या आठवड्यात मला तिथेही शंका यायला लागली. हे सगळे मला सारखे खायला घालतात, ते काय लपवतायत? नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "लपवत काही नाही गं, तू बोलत नाहीस ना, म्हणून सगळ्यांना वाटतं, तुला भूकच लागली असेल."



शेवटी पाहणीचा दिवस उजाडला. मी सगळ्यांच्या आधी कॉलेजात गेले, दार लावून घेतलं आणि एकेक कुंडी तपासायला बसले. चोर पकडायचाच. आणि तुम्हाला सांगते, एकही चोर निघाला नाही. प्रत्येक झाड तेच. ज्याचं पान पहिल्या आठवड्यात फाटलेलं, त्याचं फाटलेलंच. कंपासचं तर असं वाकडंतिकडं वाढलेलं, की तसं दुसरं कुठल्या नर्सरीत मिळणारच नाही. मी सुस्कारा सोडला, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, आणि नजरेला आता सवयच लागलेली, म्हणून समोरच्या झाडावरही संशयानं फिरवली.

खालून तिसरं पान. चावा. चाव्याची कड… सरळ. पट्टीनं आखल्यासारखी सरळ, आणि तिच्यावर वाळलेल्या चिकाचा ठिपका. नाकतोड्याकडे कात्री कधीपासून असते हो? मी चिठ्ठी बाजूला केली. चिठ्ठीमागे शिवणाचा दोरा. खोडाला बांधून, खिडकीच्या गजाला ओढून, झाड डावीकडे झुकवलेलं. दोरा सोडला, तर ते कवायतीला उभं राहावं तसं ताठ झालं.

कुंडी माझी. झाड कुणाचं तरी भलत्याचंच.

हजार झाडांत ओळखणार होते ना मी? एक होतं समोर. एकच. सत्रभर त्याच्या शेजारी उभं राहून 'डोळे उघडे ठेवा रे' म्हणून ओरडत होते. आणि ज्यांना ओरडत होते त्यांनी चाव्याची जागा लक्षात ठेवली, उंची लक्षात ठेवली, झुकायची बाजूसुद्धा लक्षात ठेवली. रागवायचं कुणावर आणि कुठल्या तोंडानं? मी दोरा परत बांधला, होता तसा. हो, बांधला. प्रमुख येणार होते.

आले. पेन घेऊन. सगळ्या कुंड्यांवरून नजर टाकली आणि नेमके खिडकीशी थांबले. "हे फार वर्षांचं दिसतंय. कुणाचं?"

"माझं," मी म्हटलं. सगळा वर्ग जमिनीकडे.

प्रमुखांनी बोट केलं, अर्थातच, कंपासकडे. "तू सांग. या झाडाविषयी पुस्तकात नाही असं काय माहीत आहे तुला?"

कंपासनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा झाडाकडे. आणि मग हा मुलगा, ज्याचं झाड 'हिरवं' होतं, तो बोलायला लागला. नवं पान लाल टोपडं घालून येतं, ते आपण उघडायला जायचं नाही. पान खुडलं की पांढरा चीक येतो, हाताला लागतो, डोळ्याला लावायचा नाही. "आणि सर, याला पाणी जास्त झालेलं लगेच कळत नाही. वरून चकचकीतच दिसतं. आत मुळं तपकिरी होतात, बुळबुळीत होतात, वास येतो. खालचं पान पिवळं पडतं तेव्हा उशीर झालेला असतो." थांबला. मग खालच्या आवाजात, "ज्या झाडाची काळजी सगळे घेतात ना, सर, ते आधी मरतं. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्यानं घातलं नसेल पाणी."

"हे कुठे वाचलंस?"

"कुठेच नाही, सर."

"मग मुळांचा वास तुला कसा माहीत?"

चष्मेवालीनं चष्मा काढून पुसायला घेतला. तिलाही आता पानगळीची शंका सुचेना. मला मात्र माझं झाड दिसलं, रोज एकेक जण मागे वळून बघत त्याला पाणी घालतोय, मॅडमचं आहे, मॅडम लग्नाला गेल्यात… आणि का कोण जाणे, माझं स्वतःचं ताटही दिसलं.

"प्रात्यक्षिक होतं, सर," मी म्हटलं.

प्रमुखांनी टोपण काढलं. "म्हणजे झाड मारून दाखवलंत?"

"एक. या खिडकीतलंच. हे त्याच्या जागी आणलेलं."

"अच्छा." टोपण लागलं. "हे काही संगणक शिकवणार नाही. विषय राहू द्या. आणि हे प्रात्यक्षिक दरवर्षी ठेवा." गेले.

म्हणजे आता दरवर्षी एक झाड मारणं माझ्या अभ्यासक्रमात आलंय. आहे की नाही?

दार लागलं. कुणी हलेना. कंपासचे कान लाल, चष्मेवालीच्या ओठांवर "सॉरी, मॅडम" येऊन अडकलेलं. मी खिडकीशी गेले, त्यांच्या देखत दोरा सोडला, झाड ताठ झालं. आणि सत्रभर जे साठलं होतं ते, मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात, एकदाचं बोलले.

"कंपास, सत्रभर सांगत होते, गोल काढू नकोस, गोल काढू नकोस. सगळ्या जगात एकाच जागी गोल हवा होता रे, आणि तिथे तू सरळ कापलंस?"