वेटिंगचे दोनशे

माझ्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, सोबत घेऊन भाडं ठरवायला कधी जाऊ नका. परवा विमानतळावरून पाचशे रुपयांत व्हॅन ठरवली होती. पुंडलिकनगरात दाराशी उतरलो, तर ड्रायव्हरकाका म्हणाले, "सातशे झाले ताई. दोनशे वेटिंगचे."

"ही लूट आहे! आधी का नाही सांगितलं?"

"तुमचे आप्पा आत बॅगांपाशी लोकांशी गप्पा मारत बसले, त्याला मी काय करू?"

मी आणखी सुनावणार, तेवढ्यात आप्पांनी विचारलं, "गाव कोणतं म्हणायचं तुमचं?"

"आप्पा, गाव कशाला आत्ता?"

"गंगापूरकडचा हाय मी."

"आमची बहीण तिकडंच दिलीय की!" आप्पांनी मेव्हण्यांचं नाव सांगितलं.

"आं? ते तर माझे चुलते!" काका ओशाळले. "मग ऱ्हाऊ द्या ते दोनशे."

जिंकले मी! पण आप्पाच अडले. "असं कसं? बहिणीच्या सासरचं माणूस तुम्ही. तुमचे पैसे बुडवून तिला तोंड कसं दाखवू?"

मग काकांना घरात बसवून चहा झाला, टॉवेल-टोपी झाली, वर पूर्ण सातशे दिले.

"पाया पड त्यांच्या," आप्पा मला म्हणाले.

"अहो, आत्ताच मी त्यांना लुटारू ठरवलंय!"

"म्हणूनच पड."

दात-ओठ खात वाकले. काकांनी डोक्यावर हात ठेवला आणि हातात शंभराच्या दोन नोटा कोंबल्या.

"घे पोरी, खाऊला. भांडतीस लई झ्याक."