दिवेवाली म्हातारी

— नाही हो, रागवायचं काय त्यात, सगळेच विचारतात, बाई, ही कल्पना तुम्हाला सुचली कुठून — आणि मी दर वेळी सांगते, वाचनातून. चिवडा घ्या ना. केडगावहून एवढ्या उन्हाच्या आलात, शाळेनं तुम्हालाच बरं पाठवलं. तर वाचनातून, असं सांगते. खोटं नाही ते. ग्रीक लोकांची गोष्ट आहेच ती — पाताळाचा राजा मुलीला रथात घालून नेतो, तिची आई पिकांची देवी, ती रानोमाळ हिंडते, जमीन करपून जाते, आणि शेवटी देवांनाच तडजोड करावी लागते — पोरीनं सहा महिने वर राहायचं, सहा महिने खाली. मी तिची मुलांसाठी कादंबरी केली, दोन-चार राक्षस घातले, एक उडणारा घोडा — घोडा मुलांना फार आवडतो.

पण सुचली ती राजेश्वरीमुळं. आता निघालंच आहे तर सांगते. चौऱ्याण्णव साली मी मिरजगावला होते, दहावीच्या वर्गावर. ऑफ तासाला ही गोष्ट सांगितली, तर तिसऱ्या बाकावरनं राजेश्वरी म्हणाली, "बाई, म्हंजी ती बी ऊसतोडीला जाती व्हय?" वर्ग हसला. ती नाही हसली. तिचे आईवडील दिवाळी झाली की कारखान्यावर जायचे, ही आजीपाशी राहायची, म्हणून शाळा चालू होती. मी घरी गेले आणि पायातली चप्पलही न काढता पहिलं पान लिहिलं. पुस्तकातली मुलगी म्हणजे तीच — तिचं बोलणं, मान तिरकी करून ऐकायची सवय, सगळं घेतलं. तिला विचारलं का? कसलं विचारतेय.

मग नवरात्रात तिची आजी गेली. आणि दिवाळीनंतर एका सकाळी लंकाबाई, तिची आई, माझ्या दारात. रस्त्याला ट्रक उभा, भांडीकुंडी चढवलेली, शेळी चढवलेली. म्हणाली, "बाई, पोरीला तेवढी मार्चपतुर ठिवून घ्या. कोपऱ्यात पडून ऱ्हाईल. दाणं मी आनून टाकते. धावी तेवढी हुंदे तिची." राजेश्वरी मागं उभी, दप्तर घेऊन — भरूनच आणलं होतं हो तिनं दप्तर.

आता माझीही अडचण बघा ना. दोनच खोल्या. आमचे हे इथं नगरला नोकरीला, शनिवारी यायचे. परक्याची वयातली मुलगी, उद्या काही कमीजास्त झालं तर — कुणीही नाहीच म्हटलं असतं. तुम्ही नसतं म्हटलं? … हं. मी म्हटलं, माझ्या सासूबाई राहायला येणार आहेत. सासूबाई! त्यांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

दोन खोल्या होत्या, पण एक रिकामीच होती. रिकामी म्हणजे — टेबल होतं माझं तिथं. पुस्तक निम्मं झालं होतं, आणि घरात कुणी असलं की मला लिहिता येत नाही. एवढंच कारण. दुसरं काही नाही. जिच्यावर लिहीत होते तिचीच मला अडचण झाली असती. हे मी अजून ह्यांनाही — चहा गार होतोय तुमचा.

लंकाबाई भांडली नाही. "बरं" म्हणाली. ट्रक गेला, मी आत आले आणि लिहायला बसले. सात पानं झाली त्या दिवशी. चांगली झाली. मघाशी तुम्ही वाचून दाखवलीत ना, रथ जमिनीत शिरतो ती — तीच.

पुढं काय व्हायचं? आईबाप पहाटे उसात, आणि पाचटाच्या कोपीला, म्हणजे त्या झोपडीला, दार नसतं, तिथं एवढी पोर एकटी कशी ठेवणार — फाल्गुनातच लग्न लावून दिलं. सोळावंही पुरं नव्हतं. परीक्षेला तिचा बाक माझ्याच खोलीत आला होता. तीन तास समोर रिकामा.

पुस्तक शहाण्णवला आलं, गेल्याच वर्षी. गेल्या मे महिन्यात एक प्रत घेऊन मी मिरजगावला गेले. कशाला गेले? कौतुक करून घ्यायला, आणखी कशाला. राजेश्वरी माहेरी आली होती, कडेवर मूल. तिनं हात पुसून पुस्तक घेतलं. लंकाबाई म्हणाली, "वाच की मोठ्यानं." तिनं मधलंच पान उघडलं, आणि नेमकी ती दिवेवाली म्हातारी निघाली. आठवते ना — पाताळाच्या वाटेवर राहते, पळून आलेल्या मुलीला घरात घेते, राजाच्या माणसांना म्हणते, आधी मला ओलांडा. पेपरात आलं होतं, हे पात्र काळजातून उतरलंय म्हणून. राजेश्वरी एकेक शब्द जोडत वाचत होती — वर्गात सगळ्यात सलग वाचायची हो ती! — मग थांबली. "बाई, ही म्हातारी तुमीच ना?"

टोमणा नव्हता. टोमणा असता तर सोसला असता मी. खरंच विचारत होती. आणि मी — मी हो म्हटलं.

लंकाबाई गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं झालं. पुस्तकात तरी ठिवून घेतली."

…

तर ते स्नेहसंमेलनाचं — पाहुणी म्हणून माझं नाव नका घालू पत्रिकेवर. छापलंय? मग खोडा. का म्हणून विचारलं तर सांगा काहीही, मला कुठं तिथं ऐकायला यायचंय. नाही, सहीसुद्धा नको, मिटा ते पुस्तक. काय बघताय? उठा. उठा म्हणते ना — सव्वापाचची बस चुकेल तुमची.