कोरडी बाजू

दीर: पण वहिनी, मोठा पंप घ्यायचं ठरलंय. कारखान्याचे मालक हो म्हणालेत. तुम्हाला मी फक्त त्याचा आकार काढून द्यायला बोलावलं होतं.

सून: घ्या की मोठा पंप. पाणी कॉलमच्या भिंतीवरून आणखी जोरात खाली जाईल.

दीर: भिंतीवरून कसं जाईल? अख्खा कॉलम प्लॅस्टिकच्या रिंगांनी भरलाय. वरून पाणी सोडायचं, ते रिंगांवरून झिरपत खाली येतं. खालून अमोनिया वर चढतो, तो पाण्यात विरघळतो, आणि वरून स्वच्छ हवा बाहेर.

सून: भाऊजी, हेच माझ्या डिग्रीत होतं. फक्त त्यात शेवटी स्वच्छ हवा खरंच बाहेर यायची.

दीर: मी मॅनेजर झालो तेव्हापासून हा कॉलम असाच चालतोय.

सून: वास तेव्हापासूनच येतोय, असं आई म्हणतात.

दीर: आई माझ्याबद्दल बरंच काही म्हणते.

सून: त्या वासाला कंटाळून आमच्याकडे राहायला आल्यापासून तुमच्याबद्दल चांगलंच बोलतात. आता वाईट बोलायला मी आहे ना समोर.

दीर: खरं सांगा. तुम्हाला कॉलम दुरुस्त करायचाय, की आईला इकडे परत पाठवायचंय?

सून: मी कॉलमची इंजिनिअर आहे. दुसऱ्या कामाचं शिक्षण मी घेतलेलं नाही.

दीर: म्हणजे परत पाठवायचंय.

सून: त्यांनी माझं स्वयंपाकघर नीट लावलंय. आता मला त्यात काहीही सापडत नाही. चला, या मॅनहोलमधून डोकं आत घाला. गॅसची लाइन बंद आहे, आतली हवा तपासून घेतलीय.

दीर: कँटीनच्या वाट्या आत काय करतायत?

सून: वरची ती भोकांची थाळी आहे ना, पाणी सगळीकडे सारखं वाटणारी, तिच्याखाली मांडल्यात. थोडा वेळ पंप चालवला, मग बंद केला. कुठली किती भरलीय ते मला सांगा.

दीर: या बाजूच्या काठोकाठ. मधल्या अर्ध्यामुर्ध्या. पलीकडच्या... पलीकडच्या आत्ताच ठेवल्यात का?

सून: सगळ्या एकदमच ठेवल्या.

दीर: कोरड्या ठणठणीत आहेत.

सून: थाळीचा आधार एका बाजूनं खचलाय, त्यामुळे ती कललीय. तिकडची भोकंही क्षारानं बुजलीत. सगळं पाणी उताराकडे धावतं, भिंत गाठतं आणि भिंतीवरून थेट तळाशी. उरलेली बाजू कोरडी. आणि गॅस काही खुळा नाही. त्याला मोकळा रस्ता मिळाला की तो कशाला अंघोळ करत बसेल? कोरड्या बाजूनं वर, चिमणीतून बाहेर आणि मागच्या तुमच्या घरात, आईंच्या खिडकीतून आत.

दीर: मोठ्या पंपानं त्या कोरड्या वाट्यासुद्धा भरल्या असत्या.

सून: भरलेल्याच फक्त ओसंडल्या असत्या.

दीर: पण मग मला वास कसा येत नाही? मी रोज सकाळी या कॉलमच्या खाली उभा राहतो. मुद्दाम. लोक तक्रारी करतात म्हणून छाती भरून श्वास घेतो. काही नाही. वस्तीच्या सभेत मी तसंच सांगितलं. आईलाही तेच सांगितलं.

सून: आईंना तुम्ही म्हणालात, तुझ्या मनाचे खेळ आहेत.

दीर: म्हणालो. कारण वास नव्हता.

सून: ही बाटली धरा. लांबूनच हुंगा, अगदी हळू.

दीर: पाणी आहे.

सून: आणखी जरा जवळ घ्या.

दीर: पाणीच आहे. का?

सून: तळाच्या टाकीतलं अमोनियाचं पाणी आहे. मी झाकण उघडलं तेव्हा फिटर कुठे होता?

दीर: इथेच, माझ्या शेजारी.

सून: आणि आता?

दीर: खाली उतरलाय. नाक दाबून उभा आहे.

सून: भाऊजी, बाटली द्या इकडे.

दीर: मला काहीच वास आला नाही, वहिनी.

सून: कळलं मला. द्या.

(दुरुस्ती होऊन कॉलम पुन्हा सुरू झालेला. कारखान्यामागे दिराचं घर. स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी, खिडकीशी सासू.)

सासू: गप्प बसा दोघंही. बोलण्यात वास कळत नाही.

दीर: आई, कुणी बोलत नव्हतं.

सासू: मग आत्ता कोण बोललं?

सून: येतोय का काही?

सासू: येतोय.

दीर: येतोय?

सासू: शेजारणीचं दूध करपलंय. ती फोनवर असणार.

सून: आणि अमोनिया?

सासू: करपलेलं दूध कळलं, मग तो नसता कळला? नाही येत. काय केलंत एवढं?

सून: थाळी सरळ केली. भोकं लहान केली, पण पुष्कळ केली, म्हणजे थाळीत थोडं पाणी साचून राहतं आणि सगळ्या भोकांतून सारखं पडतं. जरा कलली तरी फारसं बिघडत नाही. खाली मध्यावर आणखी एक थाळी टाकली, भिंतीकडे पळालेलं पाणी पुन्हा आत वळवायला.

सासू: बरं केलंस. याला नसतं सुचलं.

दीर: आई, मला वास येत नाही.

सासू: मलाही नाही येत म्हटलं ना. संपला विषय.

दीर: तसं नव्हे. मला कसलाच येत नाही. हे करपलेलं दूधसुद्धा नाही. डॉक्टरांना दाखवलं. त्या वासातच राहून नाक गेलं म्हणाले. कधी गेलं ते माझं मलाही कळलं नाही.

सासू: म्हणजे तू मला वास नाही म्हणालास, तेव्हा...

दीर: तेव्हा मला खरंच येत नव्हता.

सासू: मला वाटलं, नोकरी सांभाळायला आईला खोटं पाडतोयस.

दीर: मला वाटलं, तुझं वय झालं.

सासू: ते झालंच आहे. डॉक्टर पुढे काय म्हणाले?

दीर: काही दिवस कारखान्यापासून लांब राहा म्हणाले. कदाचित येईल परत. नक्की नाही. मालकांनी सुट्टी दिलीय.

सासू: मग हिच्याकडे जाऊन राहा. तुझा दादा आहे, मागची खोली रिकामी आहे. मी आवरून ठेवलीय.

सून: आई, आणि तुम्ही?

सासू: मी इथेच. हा नसताना ती थाळी पुन्हा कलली, तर कुणाला कळणार? माझी बॅग गाडीतून काढ आणि याची ठेव.

सून: म्हणजे आमच्याकडे आता भाऊजी.

सासू: तो काही लावत-बिवत नाही. जिथे बसतो तिथेच सगळं टाकतो. तुला सापडेल.

दीर: आई, तू एकटी राहशील?

सासू: शेजारीण आहे. दूध मात्र मी तापवीन. आणि ऐक, तिथे सकाळी उठलास की मला फोन कर. कसला कसला वास येतोय ते सांग.

दीर: आणि काहीच नाही आला तर?

सासू: तरी कर.