राजा-राणीचं नाणं

आता मला सांगा, गिरणीत दळणाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला असली बातमी द्यायची असते का? म्हणजे मी ज्वारीची पिशवी पायाशी ठेवून उभा, माझ्यापुढं अजून दोघं, पट्टा खडखडतोय, भुवयांवर पीठ, आणि खिशात फोन! कानाला लावला तर एक अक्षर ऐकू येईना. मी आपला ओरडतोय, "मोठ्यानं बोला वहिनी, मी गिरणीत हाय!" आणि तिकडून राजेश्री वहिनी बिचारी, सेलूत लग्न होऊन आल्यापासून कधी आवाज न चढवलेली बाई... तुम्हाला सांगतो, तीनदा सांगावं लागलं तिला. तिसऱ्यांदा तर ओरडली, "भावजी, तुमचे दादा वारले वो!" जे एकदासुद्धा म्हणवत नसेल ते मी तीनदा म्हणायला लावलं! आणि गिरणीवाला विचारतोय, "सर, जाडं का बारीक?"

मी काही बोललो नाही. त्यानं जाडं दळलं.

तर आमचा दादा, म्हणजे बन्सीधर. माझ्याहून सहा वर्षांनी थोरला. सेलूला जिनिंगमध्ये कापसाचा पारखी. हातात चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन अंगठ्यांत ताणायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा धागा केवढा निघेल ते. त्याच्यापुढं व्यापारी गप्प, शेतकरी गप्प. एवढा शहाणा माणूस! आणि छंद कसला? नाणी जमवायचा. बरं, जमवा! आपल्याकडं निजामाची नाणी काय कमी आहेत? जुन्या घराची भिंत पाडली की निघतात! पण नाही. ह्याला पाहिजेत बायझंटाईन! आजचं इस्तंबूल आहे ना, तिथं दीड हजार वर्षांपूर्वी जे बादशहा होऊन गेले, त्यांची तांब्याची नाणी, ती हा पोस्टानं मागवायचा, परभणी जिल्ह्यात! मी एकदा म्हणालोसुद्धा, "दादा, अरे, आपला निजाम सोडून तुला हे इस्तंबूलचे बादशहा कशाला?" तर म्हणाला, "निजामाला समदे वळखतात रे राम्या. ह्या बिचाऱ्यांना सेलूत कोन हाय?"

मी आपलं घड्याळ बघितलं.

एकतीस नाणी होती. प्रत्येकाला वहीच्या कागदाचं छोटं पाकीट, दादानं स्वतः चिकटवलेलं, वर त्याच्या त्या मुंग्यांच्या रांगेसारख्या अक्षरात बादशहाचं नाव, गाव, साल. मी परभणीहून गेलो की चहा यायच्या आधी डबा यायचा. "हे बघ राम्या, ह्याच्यावर मोठा एम हाय, म्हंजे त्यांच्या आकड्यात चाळीस." "हा बघ, ह्याचं नाक कापलं होतं म्हने, तरी पुन्हा गादीवर बसला!" आणि मी काय करायचो? तुम्ही काय केलं असतं? मी "हां, हां" करायचो आणि दारातून पाच पंचवीसची गाडी चुकेल का ते बघायचो. शंभरदा दाखवलं असेल त्यानं. एकदासुद्धा... जाऊ द्या.

तेराव्या दिवसापर्यंत मी तिथंच होतो. आमची आत्या, धुरपताबाई, वय ऐंशी, कंबर वाकलेली पण हात असे चालतात! सुतक फिटायच्या दिवशी सगळं घर धुऊन काढायचं असतं, हे तुम्हाला सांगायला नको. आत्यानं अंथरुणं धुतली, भांडी धुतली, देव धुतले. तांब्या-पितळेचं सगळं अंगणात ओढलं, चिंच, मीठ, राख, आणि घसाघसा! मी आपला दाढी करून आलो आणि बघतो तर काय, परातीत एकतीस नाणी चकचकतायत! दीड हजार वर्षांचा हिरवा-काळा रंग, जो दादा नख लागेल म्हणून बोटानंसुद्धा पुसायचा नाही, तो सगळा मोरीत गेलेला. आणि पाकिटं? पाकिटं आत्यानं नीट एकावर एक रचून, दोरा बांधून ठेवलेली. "कागद कशाला भिजवू रे? बंश्याचं अक्षर हाय त्याच्यावर."

नाणी एकीकडं, नावं एकीकडं! आणि कोण कुठल्या पाकिटातलं, हे ज्याला डोळे मिटून अंगठ्यानं सांगता आलं असतं, त्याचीच राख आम्ही गंगाखेडला गोदावरीत सोडून आलेलो.

वर आत्या मलाच दटावते, "आन् राम्या, ह्ये एक बघ, अर्धंच दिलंय की! फशिवलं माझ्या बंश्याला कुनीतरी!"

ते एकच नाणं बायझंटाईन नव्हतं, इंग्लंडचं होतं. हजार वर्षांपूर्वीचं, अँग्लो-सॅक्सन राजाची चांदीची पेनी. तिकडं त्या काळी सुटे नसले की अख्खं नाणं कापून अर्धं द्यायचे, असं दादानं सांगितलेलं, आणि नेमकं तेवढंच मी ऐकलेलं. एकतिसातलं ते एकच पाकीट मला बिनचूक लावता आलं. पण आत्याला काय सांगू? ऐंशी वर्षांची बाई, लहानपणी कडेवर खेळवलेल्या भाच्याची भांडी घासून हात सोललेले... मी ते अर्धं नाणं उचलून त्याच्या पाकिटात घातलं.

पण खरी गंमत पुढंच आहे. गंमत म्हणजे... तुम्ही ऐका तर.

वहिनी दुपारी आली, पदराला हात पुसत. म्हणाली, "भावजी, मला ह्यातलं कायीबी नको. तुमी मास्तर हाव, तुमीच सांभाळा समदं. फकस्त एक द्या. राजा-रानीचं." मी म्हटलं, "कोणतं?" म्हणाली, "त्येच की. राजानं रानीला शेजारी बसिवलंय ते. हे म्हनायचे, ही आपली जोडी. दिवाळीला लक्ष्मीच्या पाटावर तेवढं एक ठिवू द्यायचे मला."

झालं! आता एकतीस नाण्यांतून राजा-राणी काढा! मी खिडकीत बसलो, चष्मा पुसला, एकेक उलटंपालटं केलं. बाकी सगळ्यांवर एकेकटी मुंडकी. दोन माणसांची नाणी निघाली दोन! दोन्ही झिजलेली, दोन्हींवर डावीकडं एक थोराड, उजवीकडं एक लहानखुरं, मधे अधिकाच्या चिन्हासारखा क्रूस, आणि कमरेखालचं सगळं आत्याच्या चिंचेनं गुळगुळीत केलेलं. बसलेत का उभे आहेत, देव जाणे! पाकिटंही दोन. एकावर 'जस्टिन व राणी सोफिया'. दुसऱ्यावर 'हेराक्लियस व मुलगा'. आणि वहिनी समोर उभी. नुसती उभी हो! घाई कर म्हणत नाही, काही नाही. त्यातलं जे जरा जास्त चमकत होतं ते मी उचललं आणि तिच्या हातावर ठेवलं. म्हटलं, "हेच."

तिनं बघितलं, किती वेळ बघितलं, आणि म्हणाली, "व्हय. ह्येच. ही ठेंगनी मी." मग म्हणाली, "पर ह्यांना दाढी कवा नव्हती बाई. राजाला असत आसंल."

तिला पटलं म्हणजे झालं, असं वाटलं मला. तुम्हालाही वाटलं असतं.

परभणीला डबा घेऊन आलो आणि काय झालं कुणास ठाऊक, दर रविवारी मी तो उघडून बसायला लागलो. मी! ज्याला गाडीची घाई असायची तो! भिंग आणलं. दादाची वही उघडली. बायको म्हणते, "आता तुम्हीपण का?" एकेक बादशहा ओळखीचा व्हायला लागला. महिन्याभरात नऊ पाकिटं लागली, मग चौदा. आणि एका रविवारी माझ्याकडं राहिलेलं ते दोघांचं नाणं भिंगाखाली तिरपं धरलं, उन्हात, तर खाली स्पष्ट रेघ दिसली. सिंहासनाची! दोघं बसलेले. उलट्या बाजूला राज्याचं साल, सहावं. दादाच्या वहीत लिहिलेलं, 'जस्टिन व सोफिया, एका सिंहासनावर. राज्य तेरा वर्षं.'

म्हणजे वहिनीला दिलं ते दुसरं! म्हटलं, नसेल, दोन्ही तीच असतील! दुसऱ्याच दिवशी शाळेत रजा टाकली आणि हे खरं नाणं पिशवीत घालून सेलूला गेलो. म्हटलं, गुपचूप बदलून टाकू, तिला काय कळतंय!

दार उघडलं वहिनीनं. गळ्यात काळ्या दोऱ्यात नाणं. हो! सोनाराकडून भोक पाडून आणलेलं! तो आधी नाही म्हणत होता म्हणे, तांब्याचं काम आमी करत न्हाई म्हणून, तर तासभर त्याच्या दुकानात बसून राहिली. "मंगळसूत्र काढल्यापासून गळा लय मोकळा वाटायलाय वो भावजी," म्हणाली, "म्हनून." आणि मला दाखवायला नाणं उलटं केलं. दोन फुल्या. रोमन आकड्यात वीस. जो तेराच वर्षं गादीवर होता, त्याच्या नाण्यावर विसावं वर्ष येईल कुठून?

बाप-लेक. तिच्या गळ्यात हेराक्लियस आणि त्याचा मुलगा. आणि माझ्या दादा-वहिनीला मूलबाळ नाही हो. तीस वर्षांत दवाखाने झाले, नवस झाले, नाही म्हणजे नाहीच. आता त्या बाईला मी सांगू, की वहिनी, ही ठेंगणी तू नव्हेस, हा पोरगा आहे?

"चांगलं दिसतंय ना?" तिनं विचारलं.

मी मान हलवली, चहा घेतला, पाच पंचवीसच्या गाडीनं परत आलो.

आता तीसच्या तीस पाकिटं लागलीत. दादाला दाखवता आली असती तर... असो. एकच पाकीट रिकामं आहे, 'हेराक्लियस व मुलगा'. ह्या गोष्टीला आठ महिने झाले. सेलूला मी दर पंधरा दिवसांनी जातो, दर वेळी ठरवून जातो.

वहिनीला अजून सांगितलेलं नाही.