पाणथरी काढण्याआधी

(लसीकरणाची खोली. बाकावर आया आणि तान्ही मुलं. त्यांच्यामध्ये दोन वयस्क बायका.)

नर्स: पुढचं बाळ कोणतं?

वन्सं: हे. बासष्ट वर्षांचं.

भावजय: वन्सं, समोरची बाई हसतेय.

वन्सं: हसू दे. तिचं पोर उघडपणे रडतंय तरी. तू सकाळपासून तोंडाला कुलूप लावून बसलीस.

नर्स: कागद बघू. प्लीहा, म्हणजे पाणथरी काढणार होय? मग तीन सुया. ती गेली की काही जंतूंशी लढायला शरीर कमी पडतं, म्हणून आधीच तयारी. आज घेतल्या की पंधरवड्याने ऑपरेशन करता येईल.

भावजय: नको मग.

नर्स: सुया नकोत?

भावजय: ऑपरेशनच नको. मागच्यांना घ्या तुम्ही.

वन्सं: डॉक्टरांसमोर हो म्हणालीस की.

भावजय: अंडाशयांना हो म्हणाले. कॅन्सर तिथला. त्यांच्याबरोबर गर्भाशयही न्या म्हटलं, दोघांची नोकरी कधीच संपली. पण पाणथरीने काय केलं? आजवर कधी तक्रार नाही तिची.

वन्सं: रोगाला घरात घेतलं तिने. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं ना? बाकीचं काढून तिच्यावरची गाठ तशीच ठेवली, तर नंतरच्या औषधाला सगळा भार उचलावा लागेल म्हणाले.

भावजय: तुमचे भाऊ तेव्हा जोरजोरात मान डोलवत होते. बाहेर आल्यावर मला विचारतात, ही पाणथरी असते कुठे?

वन्सं: त्याला स्वतःचा चष्मा कुठे असतो ते सापडत नाही.

भावजय: तेच म्हणतेय मी. पोट वरपासून खालपर्यंत उघडणार. टेबलावरून उठलेच नाही तर? आज निदान काही महिने हातात आहेत. तेवढ्यात त्यांना कुकर लावायला शिकवेन.

वन्सं: काल शिकवत होतीस ना?

भावजय: पाणी न घालता लावला. शिट्टी का होत नाही म्हणून त्याच्याकडे बघत बसले.

वन्सं: लहानपणीही असाच बघत बसायचा.

भावजय: हसू नका. मी ठरवलंय. माझ्यामागे त्यांनी तुमच्याकडे राहायचं. वरची खोली रिकामीच असते. सकाळी चहा हातात दिला की उठतात. पेपर मात्र आधी...

वन्सं: थांब. माझ्या दुकानात पाटी काय आहे?

भावजय: कपबश्यांना हात लावू नये.

वन्सं: त्याखालची.

भावजय: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

वन्सं: झालं तर.

भावजय: वन्सं, सख्खे भाऊ आहेत ते तुमचे.

वन्सं: म्हणून तर माल कसा आहे ते मला ठाऊक. तूही चांगला वाजवून घेतला होतास. इतकी वर्षं वापरलास आणि आता माझ्या फळीवर आणून ठेवतेस? मी नाही घेणार. तुलाच सांभाळायचाय. त्यासाठी पोटातलं काय टाकायचं ते टाक.

भावजय: होईल नीट, असं वाटतं तुम्हाला?

वन्सं: मला काय कळतं? धोका आहे, डॉक्टरांनी लपवलं नाही. पण सगळं काढता येईल असं वाटतंय, हेही तेच म्हणाले. मी गिऱ्हाइकाशीसुद्धा खोटं बोलत नाही.

भावजय: परवा त्या निळ्या बरणीबद्दल बोललात.

वन्सं: ती गोष्ट वेगळी.

नर्स: मावशी, मध्ये दोन बाळं उरकली. तुमचं काय?

भावजय: घ्या. कोणता दंड?

नर्स: हा द्या. सैल सोडा. झालं बघा. आता यापुढे ताप अंगावर काढायचा नाही. आला की त्याच दिवशी दवाखाना.

वन्सं: ही? ताप आला की पडदे धुवायला काढते.

भावजय: तुम्ही घरी येणार असलात की काढते.

नर्स: आता दुसरा दंड. मावशी, त्यांचा हात सोडा जरा.

भावजय: मी कुठे धरलाय? त्यांनी धरलाय.