साडूभाऊचा डेन्मार्कचा सोफा

अमरावतीच्या आमच्या साडूभाऊचं ऐकलं का? डेन्मार्कचा जुना चामड्याचा सोफा लय पैसे मोजून आणला, अन् तवापासून घरचे सारे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. सोफ्यावर बसाचा मान फक्त चादरीले!

पोरीले पाहाले अकोटचे पाहुणे आले, तवा कुठं चादर निघाली. पोहे आले, पोरगी आली, तरी साडूभाऊचं सोफापुराण सरेना. "साठ वर्सं जुना हाय! चामडं फाटून राहिलं, पण नवं नाई बसवू देलं मी."

पोराच्या बापानं बायकोकडं पाहिलं. आमाले वाटलं, मोडली सोयरीक.

तो बिचारा साडूभाऊचा हात धरून हळूच म्हणे, "मनाले लावून घेऊ नका, भाऊ. पोरगी पसंत हाय. लग्नाचा खर्च आमीच करतो. अन् आमचा जुना सोफाही पाठवून देतो, दहाच वर्सं वापरला हाय."